सात नंबरचा शिक्का

"पायांत अंतर ठेवा. अजून! हात कमरेवर, हनुवटी वर. आता मोठ्यानं म्हणा, माझा निर्णय पक्का आहे!"

कँटीनची टेबलं भिंतीला सारून केलेल्या जागेत अकरा बायका एका सुरात ओरडल्या. बारावीनं, म्हणजे दुर्बिणीनं, नुसते ओठ हलवले. तेवीस वर्षं कापडाचा रंग तपासणाऱ्या बाईला हे असलं उभं करतात, लाज कशी वाटत नाही मेल्यांना!

दुर्बीण हे नाव तिला गिरणीच्या रंगखात्यातल्या कामगारांनी ठेवलेलं. तिच्या नजरेतून रंगातला केसाएवढा फरक सुटत नसे. पद्धत ठरलेली. निळं कापड फार वेळ पाहिलं की डोळा थकतो, मग त्याला सगळंच निळं बरोबर वाटायला लागतं. म्हणून ती मध्ये मिनिटभर राखाडी फडक्याकडे बघत बसायची. मग उन्हासारखा दिवा, ट्यूब आणि पिवळा बल्ब, अशा तिन्हींखाली कापड धरायची. तिथं पटलं तरच सात नंबरचा शिक्का. सात नंबर तिचा. त्या शिक्क्याचा एक तागा आजवर परत आला नव्हता.

तिचं ते मिनिटभर बसणं साहेबांच्या डोळ्यांत खुपायचं. यंदा खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. हक्कानं ती हिचीच. पण साहेबांनी वार्षिक शेऱ्यात लिहून ठेवलं, 'निर्णय घेताना कचरतात. आत्मविश्वास कमी.' आणि वर मखलाशी काय, तर "दोन दिवसांचं शिबिर करा बाई, मग बघू." काल तपासणीची ट्यूब गेली होती आणि एक निळा लॉट तिनं अडवून ठेवला होता. "उद्या ट्यूबखाली परत बघते," म्हणाली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, शिक्क्याच्या ड्रॉवरची किल्ली मागून घेतली आणि सकाळी तिला इथं पाठवून दिलं.

तीनच्या चहाच्या सुट्टीत नणंद धापा टाकत आली. ती पॅकिंगला होती.

"वहिनी, निळ्या लॉटवर तुम्ही कधी मारलात हो शिक्का?"

"मी? मी कुठला मारतेय! सकाळपासून इथं कमरेवर हात ठेवून उभी आहे."

"मग झालंच! आमच्या ट्यूबखाली अर्धे तागे निळे नि अर्धे चक्क जांभळे दिसताहेत. नर्सांचे गणवेश व्हायचेत त्याचे. पाठ एका रंगाची, बाही दुसऱ्या! मी बोलले तर सुपरवायझर म्हणतो, सात नंबर आहे वर, तू कोण टिकोजीराव?"

"कोणी मारला?"

"लाडोबानं. खिडकीपाशी उन्हात धरला, मोजून दोन सेकंद. साहेब म्हणाले, शाब्बास, याला म्हणतात निर्णय! चारला गाडी निघतेय."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. लाडोबा म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला, आता दोन मुलांचा बाप, आणि खुर्चीचा दुसरा उमेदवार. चूक त्याची, मेहेरबानी साहेबांची, आणि नंबर हिचा.

साडेतीनला साहेब प्रात्यक्षिक बघायला येऊन बसले. प्रत्येकीनं 'मला वाटतं' हे शब्द न वापरता एक निर्णय सांगायचा होता. टायपिस्ट म्हणाली, "माझं टेबल मी खिडकीपाशी हलवणार." टाळ्या पडल्या. मग हिची पाळी आली.

"सकाळी पास केलेला निळा लॉट चुकीचा आहे. त्यावरचा शिक्का मी मारलेला नाही. गाडी थांबवा."

"वा!" शिकवणाऱ्या मॅडमना कोण आनंद झाला. "पाहिलंत? आवाज कसा पोटातून आला!" पुन्हा टाळ्या. साहेबांनीसुद्धा दोन बोटं तळव्यावर आपटली.

"टाळ्या पुरे करा," ती म्हणाली. "मी खरं बोलतेय. गाडी निघेल एवढ्यात."

"बाई, बसा," साहेब हसत म्हणाले. "शिबिरातलं शिबिरात ठेवायचं."

ती बसली नाही. सरळ दार उघडून चालू पडली. फाटकाशी गाडी उभीच होती, इंजिन सुरू.

"ताई, मालाचा पास बरोबर आहे की," वॉचमन म्हणाला. "हा काय, तुमच्याच नंबरचा शिक्का."

"माझाच ना? मग रद्दही मीच करणार. आण इकडे."

तिनं पासवर लाल पेनानं दोन रेघा ओढल्या आणि खाली सही ठोकली. ड्रायव्हरनं काय शिव्या दिल्या त्या सांगण्यासारख्या नाहीत. तागे उतरायला लागले तेव्हा साहेब पोचले. मागे मॅडम, त्यांच्यामागे निम्मं शिबिर.

"काल तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि आज आमच्या डोक्यावर बसता? खुर्ची विसरा आता! उद्यापासून गोदामात तागे मोजायचे. शिक्का लाडोबाच्या हवाली करा, आत्ताच्या आत्ता!"

मॅडम हळूच तिच्या कानाशी लागल्या. "अहो, जरा गोड शब्दांत सांगायचं ना."

"ते उद्या शिकवणार होतात का?"



रंगखात्यात लाडोबा मान खाली घालून बसला होता. "ताई, साहेबांनीच सांगितलं हो मला..."

"तीन दिवे शिकवले होते तुला मी, गाढवा."

एवढंच बोलली. तिला रडू येत होतं आणि लाडोबासमोर नि साहेबांसमोर रडायचं नव्हतं. साहेब दारात हात पुढे करून उभे होते. तिनं टेबलावरून शिक्का उचलला, उलटा धरला आणि नमुने कापायच्या पात्यानं त्याचं रबर मुळापासून सोलून काढलं. मग बोटाएवढा रबरी सात पर्समध्ये टाकला आणि नुसती लाकडी मूठ साहेबांच्या हातावर ठेवली.