उलट्या आट्यांचा शिकंजा

दादाचा हात उठला की पेटीवाला डोळे मिटत नसे. तो बघत असे. एकतीस वर्षांत त्याला एवढं पक्कं कळलं होतं की उघडा पंजा डाव्या कानावर येतो, मूठ बरगडीवर येते, आणि हातात वस्तू असली तर ती कुठे बसेल हे वस्तूच्या वजनावर ठरतं. जड वस्तू खाली लागते, हलकी वर.

तोच हात सिगार वळायला बसला की मात्र लोक काम थांबवून बघत. कारखान्यात बावीस जण सिगार वळत, पण उस्ताद म्हणत ते एकट्या दादाला. आतला भरणा तो मुठीत असा जुळवायचा की धूर ओढताना कुठे अडायचा नाही, आणि वरचं पान असं चढवायचा की जोड शोधायला भिंग लागावं. त्याचा सिगार टेबलावर ठेवला तर शेवटपर्यंत एका लयीत घरंगळत जायचा. आईबाप गेल्यावर याच हातांनी त्याने धाकट्याला पोसलं होतं. "पोसतो तोच मारतो," वहिनी दिराचा कान शेकता शेकता म्हणायची, जणू हा निसर्गनियमच आहे.

धाकटा सिगार पेटीत भरायचा, म्हणून तो पेटीवाला. त्याला पगारवाढ नको होती, वेगळी खोली नको होती. दादाचा हात आपल्यावर पुन्हा उठू नये, एवढंच त्याला हवं होतं.

भानगड सुरू झाली ती सुताराच्या चुकीनं. त्याने ओल्या लाकडाच्या चाळीस पेट्या ठोकल्या आणि प्रत्येक पेटी रुंदीला अर्ध्या बोटानं कमी भरली. पेटीवाल्याच्या लक्षात आलं, पण गाडी दारात उभी होती. सिगार त्याच आठवड्यात वळलेले, पानं अजून दमट आणि लवचीक. त्याने तळहाताच्या टाचेनं दाबून दाबून एकेका पेटीत पंचवीस बसवले आणि झाकणं ठोकून टाकली.

महिन्यानं व्यापाऱ्याकडून एक पेटी परत आली. दादाने झाकण उचकटलं. आत पंचवीस सिगार विटांसारखे रचून ठेवलेले, चारी अंगांनी चपटे, कोपरे धरलेले. एक उचलून त्याने टेबलावर ठेवला. सिगार हलला नाही.

"हे काय आहे?"

"दाबले गेलेत," पेटीवाला म्हणाला. "पान ओलं असताना जागा कमी पडली, तर शेजारचा सिगार जिथे टेकतो तिथे ते सपाट होतं. मग तसंच वाळतं. वाळल्यावर परत फुगत नाही. वजन तेवढंच आहे दादा, मी तोलून..."

झाकण हलकं होतं, म्हणून ते वर लागलं. खालच्या ओळीतला एक दात मुळासकट निघाला आणि दुसरा अर्धा तुटला. पेटीवाला खाली पडला तेव्हा दादाने लाथ घातली. मग आणखी एक. पानं निवडणाऱ्या बाया माना खाली घालून पानं निवडत राहिल्या. बोका नावाचा एक वळणारा होता, गुबगुबीत आणि तोंडाचा फाटका. तोच तेवढा म्हणाला, "उस्ताद, पुरे. पेटी त्याने भरली, पण पेटीचा बाप सुतार आहे."

"सुतार माझा भाऊ नाही," दादा म्हणाला. एवढं बोलून तो हात पुसून पुन्हा वळायला बसला.

तीन आठवड्यांनी व्यापारी आला. कारखान्याच्या मालकीणबाई त्याची समजूत घालायला निघाल्या होत्या, तर तो म्हणाला, "ते चौकोनी आणखी आहेत का?"

बाईंना वाटलं तो टोमणा मारतोय.

"खरंच विचारतोय. अर्ध्या गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. म्हणाले, ओढताना गालफडं आत जातात, एवढा घट्ट. उरलेल्या अर्ध्यांनी दुकानात येऊन तेच मागितले. टेबलावरून घरंगळून पडत नाही, दातात धरला की तोंडात फिरत नाही. एक म्हातारा म्हणाला, गोल सिगार म्हणजे पाहुणा, हा घरचा माणूस वाटतो."

"चवीला?" बाईंनी विचारलं.

"एक म्हणतो गोड, दुसरा म्हणतो कडू. पान तेच ना? निम्मी चव माणूस खिशातून घेऊन येतो."

पेटीवाल्याला हे ऐकून राहवेना. पुढचे आठ दिवस त्याने एकाच पानाचे एक गोल, एक चौकोनी असे जोडीजोडीने ओढून पाहिले आणि घड्याळ लावून वेळ टिपली. भरणा नेहमीएवढाच ठासून मग दाबला, तर धूर अडतो; भरणाच किंचित सैल ठेवला, तर चौकोनीही सरळ ओढता येतो. म्हणजे शिव्या घालणारे खोटं बोलत नव्हते. दोष आकाराचा नव्हता, घाईचा होता. त्याने बाईंना सांगितलं, आणि बाईंनी लोहाराकडून शिकंजा करून घेतला.

शिकंजा म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी चौकट. तिच्यात सिगार मांडलेल्या लाकडी फळ्या एकावर एक रचायच्या, मग दांडा फिरवून मळसूत्रानं वरची पाटी खाली आणायची. रोज थोडा दाब, रोज सिगार पाव वळसा फिरवून पुन्हा दाब, की तीन दिवसांत चारी बाजू धरतात. पण लोहाराने मळसूत्र कुठल्या तरी मोडक्या यंत्राचं वापरलं होतं आणि त्याचे आटे उलटे होते. एरवी कुठलाही स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो. हा डावीकडे फिरवला की आवळायचा आणि उजवीकडे सुटायचा.

पहिल्याच दिवशी बाईंनी हौसेनं दांडा सोडायला म्हणून फिरवला आणि सोळा सिगारांचा भुगा केला. मग बोक्याने दोन फळ्या चिरडल्या.

"याचं डोकं माझ्या सासऱ्यासारखं आहे," तो म्हणाला. "जा म्हटलं की येतो."

पेटीवाल्याने चौकटीवर खडूनं मोठा बाण काढला. तरी जो तो चुकायचा. चुकायचा नाही तो एकटा पेटीवाला. एका फेऱ्याला पाटी चार मिलिमीटर उतरते, हे त्याने पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं. सहा महिन्यांत त्याच्या मनगटाला बाण बघायची गरज उरली नाही.

दादा शिकंज्याकडे जात नसे. जाता-येता थुंकत असे.

त्या सहा महिन्यांत त्याचा हात सैल सुटला. घरी पाणी गार दिलं म्हणून त्याने तांब्या फेकला, त्याने पेटीवाल्याची भुवई फुटली. वहिनी मध्ये पडली तर तिचं मनगट पिरगाळलं. कारखान्यात बोका एकदा गमतीत म्हणाला, "उस्ताद, गोल आता फक्त तुमचं पोट राहणार." दादा शांतपणे उठला, बोक्याचे केस धरले आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वरच्या पानाचा सबंध गठ्ठा रक्तानं भिजला आणि टाकून द्यावा लागला. बाईंनी दादाला काढलं नाही. असा हात दुसरीकडे कुठे मिळणार होता?

आणि म्हणूनच एका दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सोमवारपासून उस्तादांचा सगळा माल शिकंज्यात जाईल. व्यापाऱ्याला चौकोनीत उत्तम हात हवाय."

हातातला सिगार दादाने पुरा केला, टोक कापलं, टेबलावर ठेवला. सिगार घरंगळत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. कोणी उचलला नाही.

सोमवारी सकाळी पेटीवाला पाटी वर घेऊन फळ्या रचत होता. वरच्या दोन फळ्यांवर दादाचे सिगार होते. दार उघडल्याचं त्याने ऐकलं. दादाच्या उजव्या हातात पान कापायची पाती होती, अर्धचंद्रासारखी, आणि डाव्या हातात हातोडा.

"मी वळतो," दादा म्हणाला, "आणि तू ठेचतोस."

"दादा, बाईंनी सांगितलंय."

"तुला बोलायला कोणी शिकवलं? चालायला कोणी शिकवलं?"

पाती हलकी होती, म्हणजे वर येणार, हे पेटीवाल्याला कळत होतं. त्याने हात आडवा घातला. पाती कोपरापासून मनगटापर्यंत उतरली. आधी पांढरी रेघ दिसली, मग ती भरली आणि रक्त बोटांवरून टपकायला लागलं. दुसरा वार डाव्या कानाच्या पाळीला चाटून गेला. तिसरा चौकटीवर बसला आणि पाती दादाच्या हातातून उडाली. हातोडा मांडीवर आला तेव्हा पेटीवाला भिंतीशी कोसळला.

आवाज ऐकून बोका आणि चार-पाच जण दारात आले, पण हातोडा बघून तिथेच थांबले.

दादा शिकंज्याकडे वळला. डाव्या हाताने त्याने चौकटीवर घाव घालायला सुरुवात केली आणि आपले सिगार काढायला उजवा हात पाटीखाली घातला. तिसऱ्या घावाला खालच्या फळ्या सरकल्या. वरची फळी तिरपी होऊन उभी राहिली आणि दादाचा पंजा पाटी आणि फळीच्या कडेमध्ये अडकला. त्याने ओढून पाहिलं. निघेना. हातोडा खाली पडला.

"सोडव," दादा म्हणाला.

पेटीवाला भिंतीला धरून उठला. दांडा त्याच्या हाती आला तेव्हा तो रक्तानं निसरडा झाला. दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर होतं. दादाच्या कपाळावर घाम होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो उजवा हात कुठे आहे हे पेटीवाल्याला नेमकं ठाऊक होतं.

त्याने दांडा डावीकडे फिरवला.

चार मिलिमीटर. दादाचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग बोटांतून ओल्या लाकडासारखा खटका झाला, पाठोपाठ दुसरा, आणि मग आवाज आला.

"उलटे आटे," दारातून बोका ओरडला. "अरे, उलटे आहेत, दुसरीकडे फिरव."

पेटीवाल्याने आणखी एक पुरा फेरा दिला. डावीकडेच.

बोक्याने त्याला धक्का मारून बाजूला पाडलं आणि खडूच्या बाणाकडे बघत, देवाचं नाव घेत, दांडा उजवीकडे फिरवला.

डॉक्टरांनी अनामिका आणि करंगळी काढली. तर्जनी आणि मधलं बोट राहिलं, पण सांधे कायमचे आखडले. दोन्ही बोटं सरळ, ताठ, आणि त्यांच्यात एक ठरावीक फट. पेटीवाल्याच्या हाताला सव्वीस टाके पडले.

लोकांनी निकाल आधीच दिला होता. "रक्त वाहत होतं, डोळ्यांपुढे अंधारी, त्यात ते उलटे आटे," बोका भेटेल त्याला सांगत होता, मोडक्या नाकातून. "बाई चुकल्या, मी चुकलो, हा बिचारा कसा नाही चुकणार?" बाईंनी लोहाराला बोलावून झापलं. वहिनी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका भावोजी, चूक त्या लोखंडाची." पेटीवाला मान डोलवायचा. रात्री जाग आली की आपोआप त्याचं मनगट डावीकडे वळायचं, दोनदा.

तीन महिने दादा घरात खुर्चीवर बसून होता. हात उठत नव्हता. पेटीवाल्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी दादाने तांब्या उचलला की त्याची पाठ ताठ व्हायची.

चौथ्या महिन्यात एका दुपारी दादा शिकंज्याच्या खोलीत आला. जेवणाची सुट्टी होती, आत दोघंच. चौकट ठोकून सरळ केली होती, खडूचा बाण जागेवर होता. तयार मालातला एक सिगार दादाने डाव्या हाताने उचलला, नीट न्याहाळला आणि उजव्या हाताच्या त्या दोन ताठ बोटांच्या फटीत सरकवला. बसला. खिशातून त्याने एक गोल काढला, तोही लावून पाहिला. गोल फिरला आणि खाली पडला. घरी त्याने हे बरेचदा करून पाहिलं असावं, कारण त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"पेटव," तो म्हणाला.

पेटीवाल्याने काडी धरली. दादाने दोन झुरके घेतले, धूर जिभेवर खेळवला.

"भरणा कोणाचा?"

"बोक्याचा. सैल ठेवायला मी सांगितलं."

"वाईट नाही." आणखी एक झुरका. "कोपऱ्यावर जरा आधी जळतो."

"हो. मी टिपून ठेवलंय."

दादाने दांड्याकडे पाहिलं. "सहा महिन्यांत तुझा हात या आट्यांवर किती वेळा चुकला?"

खोटं बोलायची सोय होती. अख्खा कारखाना साक्षीला होता.

"एकदाही नाही," पेटीवाला म्हणाला.

दादाने मान हलवली. उजवा हात, सिगारसकट, त्याच्या छातीशी होता. पेटीवाला सवयीनं त्याच हाताकडे बघत होता. म्हणून डावा हात आला तो त्याला दिसलाच नाही. चपराक उजव्या कानावर बसली, ज्या कानाला एकतीस वर्षांत कधी काही लागलं नव्हतं. डोकं चौकटीवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली.

"पहिला फेरा मला समजतो," दादा म्हणाला. "ही दुसऱ्या फेऱ्याची."

तो खुर्ची ओढून बसला. एवढ्या हिसक्यानं गोल सिगार केव्हाच पडला असता. चौकोनी त्या दोन बोटांत जिथल्या तिथे होता, राखसुद्धा न झडता. पेटीवाल्याने उजवा कान चोळला, खाली वाकून गोल सिगार उचलला आणि फळ्या रचायला लागला.