क्लचवरचा पाय

गाडी दारात येऊन अठरा दिवस झाले तरी निंबानं तिला हात लावला नव्हता, आणि नवऱ्याचं हे वागणं धुरपदाबाईला मुळीच खपत नव्हतं. लाल, बुटकी, उभ्या जागी पळायला निघाल्यासारखी दिसणारी अशी गाडी परमुलखातल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत दुसरी नव्हती. शेजारणी जाता-येता तिच्या काचेत तोंड बघून जात. आणि ज्यानं, शेठनं टेम्पो विकला म्हणून घरी बसेपर्यंत, तीस वर्षं मार्केटातली कापडाची पार्सलं टेम्पोतून वाहिली, तो माणूस ओट्यावर बसून तिच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघायचा.

“ऊन उतरू दे,” म्हणायचा. ऊन उतरलं की ट्रॅफिक आडवी यायची. रविवारी रस्ते मोकळे असले की म्हणे, पोराची गाडी, पोरानं चालवावी.

पोरगा भूपेंद्र हजीऱ्याला प्लांटात पाळीवर जायचा, तोही कंपनीच्या बसनं. गाडीचा नाद त्याला बापाकडूनच आलेला. येत्या श्रावणात कानबाईच्या रोटांना, भाऊबंदकीच्या सणाला, गावाला जायचं, कोंडाईबारीचा घाट निंबानं चढवायचा आणि भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत गाडी दारात लावायची, हे धुरपदाबाईनं ठरवूनच टाकलं होतं. चार घरी फोन करून सांगूनही झालं होतं.

शोरूममध्ये तर तिनं नवऱ्याची केवढी बाजू घेतली होती! गाडी तीच, पण दोन तऱ्हांची. एकीत गिअर हातानं टाकायचा, क्लच पायानं दाबायचा. दुसरीत डाव्या पायाला कामच नाही. ललित नावाच्या तिथल्या विक्रेत्यानं नीट समजावलं होतं, “मासी, आत दोन क्लच असतात. एकावर आत्ताचा गिअर चालतो, दुसऱ्यावर पुढचा तयार. गाडी आपली आपण बदलते.”

धुरपदाबाई अर्धं आयुष्य लूमवर बॉबिनी भरत होती. एक चालू, दुसरी भरून तयार, हे तिला सांगावं लागलं नाही. तिला सगळं कळलं होतं. तेच पुढं जास्त टोचणार होतं.

“दोन क्लचवाली घेऊ,” भूपेंद्र म्हणाला होता. “नानांना पण सोपं पडेल.”

“नानांना सोपं?” तिचा आवाज अख्ख्या शोरूमनं ऐकला. “तुझ्या नानांनी भरला टेम्पो एका हातानं रिंग रोडवरून काढलाय. ज्यांना जमत नाही त्यांनी घ्यावी ती बिनपायाची. विचार त्यांनाच.”

भूपेंद्रनं बापाकडे बघितलं. ललितनं बघितलं. शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकांनीही मान वळवली. निंबानं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, “बराबर आहे हिचं. गिअरवालीच घ्या.” चालवून बघा म्हटलं तर म्हणाला, “त्यात काय बघायचं?” थोरल्यानं चारचौघांत शब्द दिला की त्यांच्या घरात त्यावर कोणी बोलत नसे. भूपेंद्रनं सही केली.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी धुरपदाबाई नवं लुगडं नेसून सरळ गाडीत जाऊन बसली. “उधन्याला शोभाबाईकडे जायचंय,” तिनं काच खाली करून सांगितलं. शोभाबाई म्हणजे निंबाची बहीण. “तुम्ही येत नसाल तर मी इथंच बसते. संध्याकाळपर्यंत गल्लीला तमाशा.”

निंबा आला. गल्लीतून गाडी बरी निघाली. मोठ्या रस्त्यावर दोनदा बंद पडली, तेव्हा तो म्हणाला, नवी आहे. ती म्हणाली, हात बसला की होईल. पुलाच्या चढावर मात्र पुढं गाड्या तुंबल्या आणि तिथं थांबावं लागलं. रांग हलली. गाडीनं क्षणभर स्वतःला धरून ठेवलं, मग मागं सरकली. निंबानं हँडब्रेक ओढला. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. धुरपदाबाईनं खाली बघितलं. क्लचवरचा पाय वाऱ्यावरच्या पातळाच्या काठासारखा थरथरत होता, आणि निंबा दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरत होता.

मागच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. “चाचा, नहीं आती तो बेटे को बिठाओ ना.”

एरवी तिनं त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. आज ती त्या पायाकडेच बघत होती.

“मना पाय आते ऐकस नही,” निंबा समोर बघत म्हणाला. “तीन वरीस झाली. शेठनं टेम्पो विकला नव्हता. मीच चावी दिली.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुले सांगीसन काय करू? तू गल्लीत सांगत होतीस, माझा माणूस अजून दोन टेम्पो ओढेल.”

पुलाखालून ट्रॅफिकचा जवान चढून आला. त्यानं निंबाला उतरवलं आणि स्वतः बसला. “काका, पाछळ बेसो,” म्हणत त्यानं मागची सीट दाखवली. निंबा म्हणाला, तुम्ही चला, मी येतो चालत. जवानानं गाडी एका झटक्यात वर काढली आणि पलीकडं उतरवली.

बाजूच्या आरशात धुरपदाबाईला पूल उतरणारा नवरा दिसू लागला. कठड्याला हात लावत, डावा पाय मागून ओढत, थांबत थांबत येत होता. रोज घरात वावरणारा हा पाय तिनं कधी बघितलाच नव्हता. गुडघा चोळताना दिसला की तिनं हवेला दोष दिला होता. आणि ज्याला दिसला होता, त्या पोराला तिनं भर शोरूममध्ये गप्प केलं होतं. आता गाडी पोराच्या नावावर झाली होती. बदलून कोण देणार?

जवान केव्हाच निघून गेला होता. बऱ्याच वेळानं निंबा पोचला आणि दाराला टेकून उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

“कानबाईला भूपेंद्रच चालवेल,” तो म्हणाला. “लोकांना काय सांगायचं ते तू बघ.”

धुरपदाबाई गाडीतून उतरली. तिनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं, रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

“तुम्ही लबाड आहात,” ती म्हणाली. “तीन वर्षं माझ्या हातचं खाऊन मला पत्ता लागू दिला नाही. पण लबाडी तुमच्या अंगात नव्हती, ती माझ्या तोंडाच्या भीतीनं आली. पोराला तुमचा पाय दिसला, मला माझा मोठेपणाच दिसत राहिला. ती बिनपायाची गाडी मीच नाकारली. तुमच्या हातातून मीच काढून घेतली ती.”