इफ्तारची तीन मिनिटं

रमजानचा चंद्र दिसायला दोन दिवस उरले होते तेव्हा आमच्या मशिदीचे इमाम, मौलाना कुदरतुल्ला, घरी आले; त्यांना सगळे हुजूर म्हणतात. अम्माने चहा दिला. तो त्यांनी हातातच निवू दिला, म्हणजे बोलायचं काहीतरी अवघड होतं.

"झिनुक," ते म्हणाले, "सरांची ती तीन मिनिटं आता काढून टाक."

ही तीन मिनिटं मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होती. माझे अब्बा, एमदादुल हक, भूगोलाचे मास्तर. आमच्या राजशाही शहरात सूर्य ढाक्यापेक्षा सहा-सात मिनिटं उशिरा मावळतो, आणि ढाक्याच्या टीव्हीवरची अजान ऐकून रोजा सोडणाऱ्यांवर ते मनापासून चिडत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोहल्ल्यासाठी एक वेबसाइट केली आणि इफ्तार-सेहरीच्या वेळा काढणारं प्लगइन स्वतः लिहिलं. प्लगइन म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम. त्याचं नाव त्यांनी 'समय' ठेवलं. शिकवलं मीच, ढाक्याहून, फोनवर, वर्षभर. मशिदीच्या व्हरांड्यातल्या टीव्हीवर तीच साइट लावलेली असायची. फक्त सरकारी यादीत सहा वाजून चार मिनिटं असली, की अब्बांच्या साइटवर सहा वाजून सात. सावधगिरी, अब्बा म्हणत. सूर्य बुडाल्यावर उशीर न करणं हीच सुन्नत, पैगंबरांची रीत, हुजूर म्हणत. अकरा वर्षं दोघं यावर भांडत होते, बहुतेक आमच्याच ओसरीवर.

"सर होते तोवर मी लोकांना आवरलं," हुजूर म्हणाले. "आता कमिटी ऐकत नाही. यादीशी जुळत नसेल तर टीव्हीवर दुसरी कुठली तरी साइट लावू म्हणतात. बुधवारी चंद्र. तोवर होईल ना?"

"होईल हुजूर. एका आकड्याचं काम आहे."

अब्बांना जाऊन चार महिने झाले होते. चाळिसाव्यासाठी आले ती मी इथेच राहिले होते, ऑफिसचं काम घरूनच करत होते. टीव्हीवरून उतरली तर ती साइट पुन्हा कुणी उघडणार नाही, हे मला कळत होतं. त्यांनी सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं असं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं.

मी 'समय'ची फाइल उघडली. अब्बांचा कोड त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरासारखा, मोकळा आणि सरळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं की एखादी ओळ बदलली तर वर कारण लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच आठवत नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की स्वल्पविरामालासुद्धा कारण होतं. तीनचा आकडा सापडला. मी तिथे शून्य लिहिलं, फाइल साठवली, साइटवर पहिल्या रोज्याची वेळ बघितली.

सहा वाजून सात.

ब्राउझर जुनंच पान दाखवत असेल म्हणून त्याची साठवण पुसली. सहा-सात. अम्माच्या फोनवर बघितलं. सहा-सात. साइट आपल्याकडे पानांच्या तयार प्रती ठेवते, त्या पुसल्या. जिथे साइट ठेवलेली आहे त्या कंपनीच्या मुलाला फोन करून सर्व्हरची साठवणही रिकामी करायला लावली. "केलं आपा, आता बघा," तो म्हणाला. मी बघितलं. पुन्हा फाइल उघडून पाहिली. शून्य जागच्या जागी होतं.

हे मी पोटासाठी करते. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांच्या बिघडलेल्या साइट रोज दुरुस्त करते. या गोंधळाची नेहमीची कारणं मला पाठ आहेत, आणि मंगळवारी दुपारपर्यंत ती सगळी संपली होती.

मग मी नवख्या मुलांना जे करू नका म्हणून सांगते तेच केलं. फाइलच्या मधोमध एक निरर्थक ओळ लिहिली. अशी ओळ वाचली की साइट कोलमडते, पांढरं पान येतं. निदान फाइल वाचली जाते एवढं तरी कळतं. मी पान ताजं केलं. साइट उभी होती. खाली इफ्तारला उरलेले तास, मिनिटं, सेकंद शांतपणे कमी होत होते.

अम्मा कलाईच्या, म्हणजे उडदाच्या, रोट्या थापत होती. मी तिथेच पाटावर जाऊन बसले.

"अम्मा, अब्बांनी साइटचं आणखी कुठे काही ठेवलं होतं का?"

"तुझ्या अब्बांनी ठेवलेली वस्तू कधी दुसऱ्याला सापडलीये? आता बस नीट, आणि त्या मिरचीची देठं काढ."

संध्याकाळी मी तापसदांना फोन लावला. ते ऑफिसात माझे वरिष्ठ; तिथे मी रेहनुमा, झिनुक हे घरचं नाव. काम शिकले ते त्यांच्याच हाताखाली, आणि अब्बाही अडलं की कधीमधी त्यांना विचारत.

"बूटवाल्याची साइट वीस मिनिटांत उठवतेस," ते म्हणाले, "आणि बापाच्या साइटवर एक आकडा बदलेना?"

"फाइलमध्ये कचरा लिहिला तरी साइट पडत नाही, दादा."

"मग ते प्लगइन चालूच नसेल."

"चालू नाही कसं? वेळा दिसताहेत पानावर."

"यादी बघितलीस?"

यादी मी बघितली नव्हती. बघण्याचं काही कारणच नव्हतं. प्लगइनच्या यादीत 'समय' होतं आणि त्याच्याखाली 'चालू करा' असं बटण होतं. म्हणजे ते बंद होतं.

"बंद आहे," मी म्हणाले.

"बघ."

"पण वेळा दिसताहेत, दादा."

"फोल्डरच काढून टाक. प्रत ठेव आणि काढ."

मी काढलं. अब्बांनी लिहिलेलं सगळंच्या सगळं साइटवरून गेलं, आणि सेकंद खाली उतरत राहिले. मी घाईघाईने फोल्डर परत जागेवर ठेवलं. का ठेवलं, ते सांगता येणार नाही. त्याचा उपयोग नाही हे तर नुकतंच दिसलं होतं.

"ऐक," तापसदा म्हणाले. "आणखी एक फोल्डर असतं. फार कुणी वापरत नाही. त्यात टाकलेलं आपोआप चालतं, यादीतून बंद करता येत नाही. त्याला बटणच नसतं. पण मास्तरांना ते कुठून माहीत असणार? मी तरी नाही सांगितलं."

"मीही नाही."

ते फोल्डर होतं. आत एकच फाइल होती. उघडली तर अगदी वर, बंगालीत, अब्बांची टीप.

'१७ रमजान. आज हे इथे हलवलं. काल दुपारी झिनुकने ढाक्याहून साइटची साफसफाई केली, त्यात यादीतलं सगळं बंद झालं आणि हे पुन्हा चालू करायचं राहिलं. संध्याकाळी टीव्ही कोरा. हुजूरांनी हातातलं घड्याळ बघून अजान दिली. इथून हे कुणाला बंद करता येत नाही. जुनं फोल्डर आहे तिथेच ठेवलं आहे, म्हणजे काही हललेलं तिला दिसणार नाही. तिला सांगू नये.'

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मला तो दिवस आठवला, कारण दुसऱ्या दिवशी मीच फोन केला होता, साइट आता किती जलद झाली ते सांगायला. अब्बा म्हणाले होते, "छान झालं गं."

मी खाली वाचत गेले. 'झिनुकने तिकडे अक्षरं मोठी केली. इथेही केली.' 'झिनुकने रंग हिरवा केला. इथेही. आधीचा बरा होता.' 'झिनुकने सेकंद दाखवले. इथे जमायला दोन दिवस लागले. ती विचारत होती दिसतंय का, दिसतंय म्हणालो.'

अशा चौदा टिपा होत्या. पाच वर्षं मी बंद फाइलमध्ये बदल करत होते आणि ते साइटवर दिसत होते. या वेळी दिसला नाही, कारण इकडे उतरवून घेणारं कुणी नव्हतं.

"रेहनुमा? सापडलं का?" तापसदा फोनवरच होते.

"सापडलं."

"काय होतं?"

"दुसरी प्रत होती, दादा. उद्या बोलू."

तीनचा आकडा अगदी तळाशी होता. मी वरची ओळ शोधली, कारणाची. नव्हती. मागे-पुढे पाहिलं, सगळी फाइल दोनदा वाचली. हिरव्या रंगाला कारण होतं, मोठ्या अक्षरांना होतं. ज्यावर ते अकरा वर्षं भांडले त्या तीन मिनिटांवर एक शब्द नव्हता. अम्माला विचारलं, तीन का? दोन का नाहीत, पाच का नाहीत?

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी विचारलं तर म्हणायचे, तुला भूक लागली असेल तर तू खा."

बुधवारी सकाळी मी तीनचं शून्य केलं. पान ताजं केलं. सहा वाजून चार. इतक्या सहज झालं की मी ते पुन्हा पुन्हा ताजं करून बघत राहिले.

मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर चंद्र दिसल्याची बातमी आली. रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला उभं राहण्याआधी हुजूरांचा फोन आला.

"टीव्हीवर बघितलं मी. सहा-चार. कमिटी खूश आहे."

"उशीर झाला हुजूर. आकडा कुठे आहे तेच कळत नव्हतं."

"हं." ते घुटमळले. "सरांनी काही लिहून ठेवलं होतं का? तीन कशाला, ते?"

"नाही. बाकी सगळं लिहिलंय."

"मला वाटलंच. मलाही कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी शाबानमध्ये, रमजानच्या तोंडावर, मी म्हटलं, सर, एका मिनिटावर या, मी कमिटीला बघून घेतो. तर म्हणाले, मौलाना, सूर्य काय मासळीबाजारात बसलाय का, भाव करायला?"

मला हसू आलं. तेही हसले असावेत. मागे मशिदीत कुणीतरी चटया अंथरत होतं, त्याचा आवाज येत होता.

"झिनुक."

"जी हुजूर."

"एक मिनिट ठेव. एका मिनिटाने रोज्याला काही होत नाही. कमिटीने विचारलं तर मी सांगेन काय ते."

"हुजूर, तुम्हीच म्हणालात काढ."

"म्हणालो होतो. आता म्हणतोय एक ठेव. तुला आकडाच बदलायचा आहे ना?"

मी फाइल उघडली आणि एक लिहिलं. वर कारण लिहायला घेतलं. तारीख लिहिली. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना. हुजूर का मागे फिरले ते मला कळलं नव्हतं, आणि अब्बांना ते पटलं असतं का, तेही.

"उद्या किती वाजता गं?" अम्माने आतून विचारलं.

मी पान ताजं केलं आणि वाचून सांगितलं.

"सहा-पाच."

"हे कुणी ठरवलं?" अम्मा म्हणाली.