गठ्ठ्यातला कोरा पेपर

सकाळी दहा वाजले की त्या ऑफिसात कुणी जागेवर नसायचं. सगळे भिंतीसमोर. भिंतीवर पुरुषभर उंचीचा पडदा, पडद्यावर एक हजार एकशे चाळीस चौकोन, एकेका टेस्टचा एकेक, आणि टेस्ट पास होईल तसे ते टपाटप हिरवे होत जायचे. शेवटचा चौकोन हिरवा झाला की टाळ्या. चांगले शिकलेसवरलेले, चार-चार वर्षं इंजिनिअरिंग घासून आलेले लोक, आणि टाळ्या! कुणी फोटो काढतंय, कुणी शेजाऱ्याला मिठी मारतंय. एकवीस दिवस झाले होते, एक चौकोन लाल झाला नव्हता.

हा चमत्कार करणारे गृहस्थ पडद्याशेजारी हाताची घडी घालून उभे असत. जटा नाहीत, झोळी नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बाहेरून आणलेले सल्लागार. मागे लोक त्यांना ‘हिरवे महाराज’ म्हणायचे. सुरुवातीला थट्टेनं म्हणायचे, आता नाही.

“दोष यंत्रात नसतो,” महाराज डोळे अर्धे मिटून सांगत, “तो बघणाऱ्याच्या नजरेत असतो. दोष शोधायला माणसं ठेवली की ती दोष शोधतातच! मी प्रत्येक टेस्टवर कवच चढवलंय. संशय सोडा, हिरवं उमटेल.”

“कवचात आहे काय?” मागे उभ्या असलेल्या, टेस्टिंग करणाऱ्या बाईनं विचारलं.

“बघा, आल्या शंकाबाई!” कुणीतरी खिदळलं.

“मॅडम, आपण नुकत्याच आई झालात,” महाराज मायेनं म्हणाले. “आईचं मन भित्रं असतं. त्याचा परिणाम कामावर होतो.”

हशा पिकला. तिच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली तेव्हा सहा जणांच्या टेस्टिंगमधले पाच जण भलत्याच कामांना जुंपलेले होते. उरली होती ती एकटी. आणि कवच उघडून बघायची परवानगी फक्त महाराजांना. ज्याचं त्यानंच झाकायचं, ज्याचं त्यानंच तपासायचं!

आणि तपासायचं तरी काय? काही खेळ नव्हता तो. ही कंपनी तान्ह्या बाळांसाठी श्वासाचा पट्टा करत होती. मऊ पट्टा बाळाच्या पोटाला बांधायचा, पाळण्याशेजारी छोटी पेटी ठेवायची. पंधरा सेकंद श्वास जाणवला नाही की पेटीनं किंचाळायचं. सोमवारी तीनशे पेट्या तीनशे घरी निघणार होत्या. अकरा पेट्या आधीच वापरून बघण्यासाठी दिलेल्या होत्या. त्यातली एक तिच्या घरी होती, कारण तिची ठमी सातव्या महिन्यात जन्मली होती आणि दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत असताना दोनदा श्वास घ्यायला विसरली होती.

शनिवारी दुपारी ठमीचा लंगोट बदलताना तिनं पहिल्यांदाच आठवणीनं पेटीचं ‘थांब’ बटण दाबलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पेटीवरचा दिवा हिरवा झाला. तासाभरानं अंघोळीसाठी तिनं पट्टा काढला आणि बटण दाबायला विसरली. हे रोजचंच होतं, मग पेटी बोंब ठोकायची आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अगं, गळा दाब त्या पेटीचा!”

त्या दिवशी पेटी गप्प.

ती टॉवेल हातात धरून उभी राहिली. पंधरा सेकंद. तीस. एक मिनिट. पट्टा पलंगावर मोकळा पडलेला, त्यात बाळ नाही, श्वास नाही, आणि दिवा हिरवागार.

“आई,” तिनं हाक मारली. “आई, हे वाजत नाहीये.”

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. पेटीकडे बघितलं, मग सुनेकडे. “ऑफिसात तर सगळं पास आहे म्हणतेस ना?”

“एकवीस दिवस. शंभर टक्के.”

“शंभर टक्के?” सासूबाईंनी ठमीला उचलून घेतलं. “आमच्या शाळेत एक मास्तर होता. त्याच्या हातून कुणी नापासच व्हायचं नाही. सगळे म्हणायचे, काय शिकवतो! मला काही ते पटेना. मुलं कशी आहेत हे मी बघितलंच नाही. त्याच्या गठ्ठ्यात एक कोरा पेपर सरकवला. नाव-नंबर घालून, आत एक अक्षर नाही.”

“मग?”

“एक्काहत्तर मार्क.” सासूबाईंच्या आवाजात तीस वर्षांपूर्वीचा संताप अजून ताजा होता. “गठ्ठा न सोडताच मार्क देत होता मेला. तू तुझ्या त्या बुवाच्या गठ्ठ्यात कोरा पेपर घाल, पोरी.”

रविवारभर ती ठमीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली.

सोमवारी ऑफिसच्या दारात गाडी उभी होती. जिन्यापर्यंत खोकी रचलेली. मोठे साहेब आले होते आणि आज तर पडद्याला हारही घातला होता. टेस्टिंगच्या टेबलावर रबराची बाहुली होती. तिच्या पोटात पंप. पंप थांबवला की बाहुलीचा श्वास थांबायचा. बाहुलीच्या पट्ट्याला जोडलेली पेटी वाजली का, हे टेस्टनं बघायचं. एवढं साधं काम होतं.

“सर, आज मी सुरू करू?” तिनं साहेबांना विचारलं.

“शंकाबाई सुधारल्या!” महाराज प्रसन्न हसले. “करा, करा.”

ती टेबलापाशी गेली. पेटीची वायर उपटली. पेटी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

“हे काय?”

“धरा, सर. आता टेबलावर पेटी नाहीये. सगळ्यांना दिसतंय ना? टेस्ट करायला वस्तूच नाही.” आणि तिनं बटण दाबलं.

टप. टप. टप. चौकोन हिरवे होऊ लागले. टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेत राहिले. बाहुलीचा श्वास थांबत होता, सुरू होत होता, आणि जी पेटी तिथं नव्हतीच ती प्रत्येक वेळी अचूक वाजल्याची नोंद होत होती. एक हजार एकशे चाळीसपैकी एक हजार एकशे चाळीस.

“तांत्रिक गडबड,” महाराज म्हणाले. “नकारात्मक लहरींनी—”

“लहरी गेल्या खड्ड्यात!” ती अशी ओरडली की स्वतःच दचकली. “कवच उघडा.”

साहेबांनी हातातल्या पेटीकडे बघितलं आणि दाढीवाल्या प्रोग्रामरला मान हलवली. कवच उघडलं. आत मंत्र नव्हता, विद्या नव्हती, सात-आठ ओळी होत्या. दाढीवाला वाचता वाचता पांढराफटक पडला.

“टेस्टमध्ये काहीही चुकलं तरी हे ते गिळून टाकतंय. चूक एका फाइलमध्ये लिहायची, आणि वर ‘पूर्ण’ असं सांगायचं. पडदा ‘पूर्ण’ मोजतोय. उत्तर बरोबर आलं का, हे कुणी विचारतच नाहीये.”

“त्या फाइलमध्ये काय आहे?”

“आजचं सोडा. गेल्या एकवीस दिवसांत...” त्यानं फाइल खाली सरकवली. “रोज एकसष्ट चुका. रोज त्याच. ‘थांब’ दाबून पट्टा पुन्हा बांधला, की पेटी थांबलेलीच राहते. वाजत नाही.”

“या एकसष्ट टेस्ट मीच लिहिल्या होत्या, रजेवर जाण्याआधी,” ती म्हणाली. “लाल व्हायच्या त्या. तुम्ही पेटी दुरुस्त केली नाहीत, टेस्टचं तोंड बांधलंत. आणि त्याला टाळ्या वाजवल्यात! पडद्याला हार घातलात! माझी पोर दोन दिवसांपूर्वीपर्यंत याच दिव्याच्या भरवशावर झोपत होती.”

महाराजांनी ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळली. “उद्देश टीमचं मनोबल—”

“बाळाचा श्वास थांबला की तुमचं मनोबल फुंकणार का त्याच्या नाकात?”

साहेबांनी हातातली पेटी टेबलावर ठेवली.

“काय करायचं?” साहेबांनी हळूच विचारलं.

“गाडी परत पाठवा. माझ्या पाच माणसांना परत आणा. दोष शोधणं हा त्यांचा स्वभाव नाही, सर, काम आहे. कुणाच्या घरात दोष सापडण्याआधी तो इथं सापडावा म्हणून ती असतात. आणि रोज सकाळी, टाळ्यांच्या आधी, एक चूक मुद्दाम घालायची. भिंत लाल झाली, तरच तिच्या हिरव्यावर विश्वास.”

दाढीवाल्यानं कवच काढलं, पेटी जोडली आणि बटण दाबलं. एकसष्ट चौकोन लाल झाले. एकवीस दिवसांत ती भिंत पहिल्यांदा खरं बोलली.

मग तिनं फोन उचलला. अकरापैकी दहा घरं उरली होती. पहिल्या घरी एका बाईनं उचलला. मागे पाण्याचा नळ चालू होता.

“ताई, तुमच्या बाळाच्या पेटीबद्दल बोलायचंय.”

“छान आहे हो! दिवा कायम हिरवा असतो.”

“दिव्याचं राहू द्या. बाळ कुठंय?”

“हे काय, मांडीवर.”

“मग ‘थांब’ दाबा, पट्टा काढा, पुन्हा बांधा. झालं? आता बटण न दाबता पट्टा सोडा आणि पंधरापर्यंत मोजा. मी सांगते म्हणून मानू नका. मी कोण, कुठली, तुम्हाला काय माहीत! कंपनी सांगते म्हणून मानू नका, मोठा माणूस सांगतो म्हणून तर मुळीच नाही. स्वतः करून बघा.”

पलीकडे नळ बंद झाला. बाई मोजू लागली. बारा. तेरा. चौदा. पंधरा.

काहीच वाजलं नाही.

“अगं बाई,” पलीकडून कुजबुज आली.

“आता हात ठेवा त्याच्या पोटावर,” ती म्हणाली. “आणि पेटीची वायर काढून टाका.”