घरभेदी

"टरफलांना पडलेलं भोक गोल आहे का कुरतडलेलं?"

"अगं ताई, भोक म्हणजे भोक! त्यात काय बघायचं?" फोनवर धाकटी बहीण हसली. "पण ही माव्याची कीड काही हटेना. उलट चढतोय काकडीच्या वेलींवर."

ताईला हसू आलं नाही. "पान घेऊन इकडे ये," एवढंच ती म्हणाली.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'मिशीवाल्या बाई' म्हणत. चिमुकल्या गांधीलमाश्या ती भिंगाखाली मिशांवरून ओळखायची. दोऱ्यासारखी सरळ मिशी असेल, तर ती आपली. ती माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून पोखरते आणि मागे फुगीर टरफल उरतं. मिशी कोपरासारखी मोडलेली असेल, तर ती घरभेदी. तिची अळी टरफलातल्या त्या सरळ मिशीवालीच्या अळीलाच फस्त करते. कुंपणानंच शेत खाल्लं, की मावा मोकाट.

मेलेल्या माशीची मिशी डोक्याखाली दुमडते, कोपर वरून दिसत नाही. म्हणून माव्यावर सोडायला काचघरांत पाठवायच्या पेटीतली नमुन्याची प्रत्येक माशी कुशीवर वळवून पाहायची, हा तिचाच नियम. त्यावरून ती नव्या लोकांना फैलावर घ्यायची. बहिणीची पेटी मात्र तिनं वरवर पाहून पाठवली होती. घरचंच काम, त्यात कसला एवढा काटेकोरपणा!

दुपारी बहीण पान घेऊन आली. "तू म्हणालीस म्हणून फवारणी थांबवली हं. हे म्हणाले, ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

ताईनं पान भिंगाखाली धरलं. आपली माशी झाकण उघडल्यासारखं गोल भोक पाडून बाहेर पडते. इथे प्रत्येक भोकाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी होती. तिनं पान खाली ठेवलं.

"घरभेदी आहेत. मी वळवून पाहिल्या नाहीत गं."

"मग दुसरी पेटी दे ना."

"त्यातल्या अळ्याही या खातील. वेली उपटून जाळाव्या लागतील."

बहिणीनं पान पुन्हा हातात घेतलं. "आणि शेजारची काचघरं? ही टरफलांची पानं मी त्यांनाही वाटली. माझ्या ताईनं पाठवलीत, म्हणून सांगितलं सगळ्यांना."

"चल, मी येते. त्यांना मीच सांगते."

दार अरुंद होतं. ताई पुढे झाली, तेव्हा तिचा स्पर्श होऊ नये म्हणून धाकटीनं अंग चोरून घेतलं.