शामकलाच्या झाडाखालची ओल

अर्जुनीकडच्या त्या मिशनच्या मुलींच्या हायस्कुलात शिस्त होती, प्रार्थना होती, इंग्रजी कविता होत्या, आणि एक रीत अशी होती की ती कुणी घालून दिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोर्डिंगात नवी मुलगी आली की तिनं तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाच्या पायथ्याशी, एक रोप लावायचं. त्याला पाणी तिनंच घालायचं, स्वतःच्या मडक्यानं. मॅट्रिकला बसून शाळा सोडताना झाड आणि मडकं एखाद्या नव्या मुलीच्या हाती द्यायचं. दुसरीच्या झाडाला कुणी थेंबभरही पाणी घालत नसे. तसं केलं तर वाईट होतं, असं मुली मानत, आणि मुलींनी एकदा मानलं की तिथे मोठ्या मिसबाईंचंही काही चालत नसे.

शामकला आपलं झाड कुणाला न देताच गेली. सदतीस सालची दिवाळी झाली आणि हिवतापानं तिला उचललं. ती मॅट्रिकच्या वर्गातली, बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या प्रेमिलाबाईंची एकुलती एक लेक. तिचं पहिलं झाड मिसबाईंच्याच शेळीनं खाल्लं होतं, म्हणून तिनं मागच्या वर्षी पेरूचं दुसरं रोप लावलं होतं. पेरूला तिकडे जाम म्हणतात. कमरेएवढं झालेलं ते जामाचं झाड आता सुकणार, हे सगळ्या धरूनच चालल्या होत्या. तिचं मडकं व्हरांड्यातल्या खुंटीवर पालथं टांगलं गेलं, आणि त्याला कुणी हात लावला नाही.

पौष सरला, माघाचं ऊन लागू लागलं, इतर झाडांच्या आळ्यांना भेगा पडल्या. शामकलाचं झाड मात्र टवटवीत राहिलं. बुंध्याभोवती सुपाएवढी जागा रोज सकाळी ओली असे. माती नुसती दमट नव्हे, पाय ठेवला तर बोटांमध्ये चिखल यावा इतकी. मुली आधी एकमेकींवर संशय घेऊन भांडल्या, मग गप्प झाल्या. नंतर त्या बाजूनं एकटीदुकटीनं जायचं बंद झालं. तलावावरचं धुकं उतरत असताना तिथे कान दिला तर कुणीतरी हळूच पाणी ओतल्यासारखा आवाज येतो, असं एकीनं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांनाच येऊ लागला. मुलींच्या बोर्डिंगात भीती ही पेजेसारखी वाटून घेतात.

भीती नव्हती ती एकट्या प्रेमिलाबाईंना. लेक गेल्यापासून त्या बाईनं धड अन्न घेतलं नव्हतं. कढईत भाजी करपायची आणि या बघत बसायच्या. झाडाची गोष्ट कानावर आली तशा त्या उठल्या, जाऊन त्या ओल्या मातीवर हात ठेवून बसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या. पुढे रोज सकाळी त्या तिथे जाऊन बोलत बसत. कुणाशी, ते विचारायची गरज नव्हती. मिसबाईसुद्धा तिथून जाताना पाऊल हळू टाकत.

रुख्मा शामकलाची जिवलग. कोहळी समाजातली पोर, पिढ्यान्पिढ्या तलाव बांधत आलेल्या घरातली. शाळेत मात्र ती फारसं बोलत नसे. वर्गात उत्तर येत असलं तरी मान खाली घालून बसायची, आणि बोलायचं ते काम शामकला दोघींच्या वतीनं करायची. आता ते तोंडच गेलं होतं. त्यात मॅट्रिकच्या मुलींचा साक्षीचा रविवार जवळ आला. त्या दिवशी शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलीनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून, शाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक खरी गोष्ट सांगायची असे.

प्रेमिलाबाईंनी तिला चुलीपाशी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "माह्या पोरीचं झाड तूच सांगजो, रुख्मा. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते शोभत नाही."

रुख्मानं मान डोलावली. तिलाही ते हवंच होतं, खोटं कशाला बोला. शामकला कुठेतरी आहे, आपल्या झाडाला पाणी घालते आहे, हा विचार तिलाही रात्री पांघरुणासारखा पुरत असे.

साक्षीच्या रविवारी पहाट उजाडल्यावर ती झाडापाशी गेली, नीट पाहून घ्यावं म्हणून. आवाज येत होता. भास नव्हे, खराच, घशातल्या घशात पाणी गुडगुडावं तसा. तिनं वाकून ओल्या मातीत बोटं घातली, खळगा केला. खळग्यात पाणी चढलं. ते गढूळ होतं.

आणि तिथेच तिला बापाचं बोलणं आठवलं. बिसराम तिला लहानपणी खांद्यावर बसवून पाळीवरून हिंडवायचा. पाळीच्या पायथ्याला पाझर दिसला की उतरून पाणी ओंजळीत घ्यायचा आणि सांगायचा, की पाणी निर्मळ असलं तर समज पाळ श्वास घेऊन राहिली. गढूळ आलं तर तिला आतून कोणी तरी खाऊन राहिलं. खेकडे बिळं करतात, बिळातून पाणी माती घेऊन निघतं, पाळ आतून पोकळ होत जाते, आणि एका दिवशी सगळा तलाव खालच्या घरांवर येतो. इथे खाली घर म्हणजे बोर्डिंग होतं. साठ पोरी तिथे झोपत.

पाळ वाचवायची तर पायथा खोदून काळी माती तुडवून भरावी लागणार, आणि खोदायची जागा म्हणजे नेमकी झाडाची जागा. शामकला नाही, खेकडे आहेत, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं नाही तर आज कुणाचं काही बिघडत नव्हतं. आपण महिन्याभरात इथून जाणार. पण आतून पोखरलेली पाळ तेवढं थांबेल, याची हमी कोण देणार होतं?

चर्चमध्ये तिचं नाव पुकारलं तेव्हा प्रेमिलाबाई पहिल्या बाकावर होत्या, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. रुख्मा उभी राहिली.

"शामकलाच्या झाडाखाली पाणी आहे. मी पाहिलं," ती म्हणाली. "ते तलावाचं आहे. गढूळ आहे. पाळ फुटून राहिली. आजच खोदा, नाही तर आपण सगळ्या मरू."

चर्चमध्ये कुजबुज झाली. मिसबाई उठून उभ्या राहिल्या. प्रेमिलाबाई हलल्या नाहीत. त्या रुख्माकडे पाहत होत्या, आणि रुख्माला वाटलं की आपण शामकलाला दुसऱ्यांदा मारलं. पुढचं बोलणं मिसबाईंनीच केलं. मुलींना त्याच दुपारी शाळेच्या इमारतीत हलवलं आणि बिसरामला निरोप गेला.

तो गावातली माणसं घेऊन आला. जामाचं झाड मुळांच्या मातीसकट उचलून चर्चमागच्या मुरमाड टेकाडावर लावलं, कारण प्रेमिलाबाईंनी तेवढं एकच मागितलं होतं. खाली खोदलं तेव्हा पाळीच्या पोटात पोकळी निघाली. बिसरामनं हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला आणि शेवट लागला नाही. बाहेर काढल्यावर त्यानं हाताकडे बघत नुसती मान हलवली. आठवडाभर काळी माती तुडवून त्यांनी पाळ भरली. बोर्डिंग वाचलं. मुली रुख्माला मानानं वागवू लागल्या. प्रेमिलाबाईंनी मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायच्या, पण ताटात बघून. टेकाडावर त्या एकदाही गेल्या नाहीत. तिथे आता कोण होतं त्यांचं?

नागपूरला परीक्षा देऊन रुख्मा चैत्रात परत आली ती ट्रंक न्यायला. पास झाली तर पुढे नर्सिंग शिकायला जायचं पक्कं झालं होतं. सकाळी तिनं आपल्या झाडाला शेवटचं पाणी घातलं आणि मडकं एका नव्या मुलीच्या हाती दिलं. गाडीला वेळ होता. म्हणून ती टेकाडावर गेली, एव्हाना सुकलं असेल त्या झाडाला हात लावून यावं म्हणून.

झाड हिरवं होतं. कोवळी पानं फुटलेली, आणि बुंध्याभोवती सुपाएवढी जागा ओली.

रुख्मानं आधी पाळीकडे पाहिलं. ती दूर होती आणि कितीतरी खाली. पाणी चढ चढत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. विहीर शाळेच्या पलीकडे. पावसाचा टिपूस नाही, मुरूम तापून पायाला चटके देत होता, आणि त्यावर ना पाऊल उमटलेलं ना मडक्याचा ठसा. ती धावत व्हरांड्यात गेली. शामकलाचं मडकं खुंटीवर पालथंच होतं, तोंडावर कोळ्याचं जाळं, कुठेही न तुटलेलं. परत येऊन तिनं झाडाखाली बोटं घातली. खळग्यात पाणी चढलं, थंडगार.

हे कुणीच पाहिलं नव्हतं. न बोलता गाडीत बसता आलं असतं. चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपण जे खरं सांगितलं, तेही तसंच राहिलं असतं. तिला फार मोह झाला, आणि त्या मोहाची लाजही वाटली.

ती स्वयंपाकघरात गेली. प्रेमिलाबाई चुलीशी बसल्या होत्या.

"मावशी, झाड ओलं आहे."

बाईंनी मान वर केली नाही. "पाळ आहे का तिकडे?"

"नाही."

"मग कायचं पाणी?"

"मले ठाऊक नाही," रुख्मा म्हणाली. "मी शोधलं. मले नाही सापडलं."

प्रेमिलाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग विचारलं, "गढूळ आहे?"

"नाही, मावशी. निर्मळ आहे."

प्रेमिलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पेजेचं भांडं खाली उतरवलं. जेवून जा म्हणाल्या, गाडीला अजून वेळ आहे. एक ताटली रुख्मापुढे ठेवली, एक स्वतःपुढे. मग जरा थांबून, दाराच्या बाजूला, तिसरी मांडली आणि तीतही पेज वाढली. रुख्मा जराशी सरकून बसली, दारातून येणाऱ्याला वाट राहावी एवढी.