लाल म्हणजे संपलं

झुलाल नानांचा फोन आला म्हणजे रंग बदलायचा, हे दीपकला आता पाठ झालं होतं. नानांची रोपवाटिका पारोळ्याच्या रस्त्याला, केळी आणि पपईच्या रोपांची. तिची वेबसाइट अमळनेरात बसून दीपक करत होता. मथळा आधी हिरवा होता, मग नानांच्या जावयाला तो भगवा हवासा वाटला, मग नानांना स्वतःला त्यात "जरा जीव नही" असं दिसलं. जीव कुठून आणायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

थीम, म्हणजे साइटचा साचा, तयार विकत घेतलेली. ती बनवणाऱ्या महाभागानं रंग फाइलभर विखरून ठेवलेले. एक बटण बदललं की दुसरं जुन्याच रंगात दात विचकायचं. शेवटी दीपकनं सगळे रंग गोळा करून साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलच्या डोक्यावर मांडले आणि त्यांना नावं दिली: डाळिंबी, रामा, पोपटी, आमसुली. आता तिथं एकदा बदललं की साइटभर बदलायचं. नावं मात्र त्याची नव्हती. ती त्याच्या बायकोची, कोकिळाची होती.

कोकिळा साडीच्या दुकानात काउंटरला. दुपारी जेवायला घरी आली की हात धुवायच्या आधी ती पडद्यासमोर बसायची. "हा रामा. हा पोपटी, पण मेलेला. जरा उजळ करा. हा डाळिंबी चांगलाय." दीपक रंगांचे आकडे बदलायचा, ती मान हलवायची. कारण दीपकला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. दोन्ही त्याला मातकट दिसतात. तरुणपणी एसटीत ड्रायव्हर व्हायला निघाला होता. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, त्यातला आकडा वाच म्हणाले. दीपकला आकडा दिसलाच नाही. म्हणून तो कॉम्प्युटर शिकला आणि नशीब असं दांडगं की पोट रंगांवरच भरायला लागलं.

हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. रंग न दिसणाऱ्या माणसाला रंगाचं काम कोण देणार?

"दिवसभर गिऱ्हाइकांना रंग दाखवायचे आणि घरी आले की तुम्हाला," कोकिळा एकदा जेवता जेवता म्हणाली. चिडून नव्हे, नुसतीच दमून. "माझे डोळे किती दिवस उसने घेणार?" दीपकला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

तशात नानांनी नवं काढलं. रोपांच्या प्रत्येक लॉटपुढं ठिपका हवा, शिल्लक असेल तर हिरवा आणि संपलं असेल तर लाल. दीपकनं ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात 'आहे' आणि 'संपलं' असे शब्दही घातले. नानांनी ते बघितल्याबरोबर फोन केला.

"शब्द कसाले पाहिजेत रे? गर्दी दखास. लाल म्हणजे सरनं, हिरवं म्हणजे शे. धाकला पोऱ्याले बी समजस."

सांगायची वेळ तीच होती. "नाना, मला नाही समजत," एवढंच म्हणायचं होतं. दीपक "बरं" म्हणाला आणि शब्द काढून टाकले. मग नाना म्हणाले रंग भडक आहेत, मवाळ कर. त्या दिवशी कोकिळा डोकं दुखतं म्हणून आडवी झाली होती, तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं आकड्यांच्या भरवशावर दोन्ही मवाळ केले. पडद्यावर त्याला एकसारखे मातीचे ठिपके दिसत होते.

पुढच्या आठवड्यात नानांनी नव्या रोपांचे फोटो द्यायला बोलावलं. दीपक पोचला तेव्हा फाटकात रिकामा छोटा हत्ती टेम्पो उभा होता आणि नाना एका माणसावर तोंड टाकत होते. माणूस चोपड्याच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. नाव वना. साइटवर रोपं बघून, खड्डे करून, पाण्याची सोय करून, भाड्याची गाडी घेऊन तो आला होता आणि त्याला हवा असलेला लॉट कधीच संपला होता.

"लाल ठिपका शे ना त्यानापुढे! तुना डोया फुटनात का?"

वनानं मोबाइल उगीच पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "माले ते बठ्ठाच ठिपका सारखा दखातस, नाना," तो हळूच म्हणाला. म्हणाला आणि खाली बघायला लागला. ते खाली बघणं दीपकच्या ओळखीचं होतं. मेडिकलच्या खोलीतून बाहेर पडताना तोही असाच बघत होता.

"नाना," दीपक म्हणाला, "त्याना डोया फुटेल नहीत. मना बी तसाच शेतस. माले बी सारखाच दखातस."

असं ऐकल्यावर माणसं जे करतात तेच नानांनी केलं. शेजारच्या कुंडीतलं फूल तोडून पुढं धरलं. "हाई कोनता रंग?"

दीपकनं वनाकडं बघितलं, वनानं दीपककडं. दोघांनाही हसू आलं.

"मंग आमनी साइटले रंग कोनी दिना?"

"मनी बायकोनी."

दीपकनं तिथंच, ऑफिसातल्या बाकावर बसून शब्द परत घातले. मोठे, काळे. वनानं आपल्या मोबाइलवर वाचून बघितले, एक दुसरा लॉट 'आहे' निघाला, तो घेऊन तो गेला. नाना वाईट काही बोलले नाहीत. फोटोंचं मात्र "दखसूत, घाई नही" म्हणाले. त्याचा अर्थ दीपकला कळला.

संध्याकाळी कोकिळा आली, पर्स ठेवली, सवयीनं खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "दाखवा. काय बदललं आज?"

"रंग नाही बदलला. शब्द घातले."

तिनं वळून बघितलं. "सांगितलंत?"

"सांगितलं. पुढचं काम बहुतेक दुसऱ्याकडे जाईल."

"म्हणजे आज मला काही बघायचं नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिथंच, खुर्चीत मान टाकून तिनं डोळे मिटले.